बाजारात जाण्याआधी वहीचं एक पान : पहिला गेमिंग पीसी जुळवताना

इंदूरला आरएनटी मार्गावरच्या सिल्वर मॉलमध्ये कम्प्युटरच्या दुकानांतून फिरलात, तर दोन शब्द सारखे कानावर पडतात : "चल जाएगा." हा मदरबोर्ड या प्रोसेसरला लागेल का? चल जाएगा भिया. आणि ही रॅम? चल जाएगी. दुकानदार खोटं बोलतो असं नाही. मशीन चालू झालं, स्क्रीनवर चित्र उमटलं, की त्याच्या लेखी ते चाललं. आपल्याला त्यावर गेम खेळायचा असतो, तोही मे महिन्यात, भर दुपारी, पारा चाळिशीपार गेलेला असताना.

भाच्याने पन्नास हजारांत, मॉनिटर वगळून, गेमिंग पीसी करायचा हट्ट धरला तेव्हा मी त्याला एक अट घातली. बाजारात पाऊल टाकण्याआधी वहीच्या एका पानावर सात ओळी भरायच्या : प्रोसेसरचा सॉकेट, मदरबोर्डाचा चिपसेट (त्यावरची मुख्य चिप), रॅमची पिढी (डीडीआर४ की डीडीआर५), ग्राफिक्स कार्डाची लांबी, त्याला लागणारे पॉवर कनेक्टर, एसएमपीएसचे (वीज पुरवणाऱ्या डब्याचे) अँपिअर आणि कॅबिनेटची आतली मापं. पान भरलेलं असेल तर खरेदी तासाभरात उरकते. कोरं घेऊन गेलात तर दुकानदार ते भरून देतो, त्याच्याकडे जो माल पडून आहे तो बघून.

सुरुवात उलट्या टोकाने करा

बहुतेक मुलं प्रोसेसरपासून सुरुवात करतात. "मामा, आय सेव्हन घेऊ या." कुठल्या पिढीचा, हे विचारलं की गप्प. बाजारात जुन्या ऑफिसांतून निघालेले तिसऱ्या पिढीचे आय७ स्वस्तात मिळतात. ते २०१२ सालचे आहेत, चार कोअरचे (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग), आणि विंडोज ११च्या यादीतही बसत नाहीत. बाराव्या पिढीचा साधा आय३-१२१००एफसुद्धा चारच कोअरचा, पण गेममध्ये त्या म्हाताऱ्या आय७ला सहज मागे टाकतो. तेव्हा नावातला ३, ५, ७ नंतर बघा. आधी त्यापुढच्या आकड्याची सुरुवात बघा, पिढी तिथे लिहिलेली असते.

खरी सुरुवात करायची ती मॉनिटर आणि गेमपासून. १९२०×१०८०चा मॉनिटर म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके. १४४०पीला हाच आकडा ३६.९ लाखांवर जातो आणि फोरकेला ८३ लाखांवर. प्रत्येक फ्रेमला एवढे ठिपके रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. पन्नास हजारांच्या मशीनने १०८०पीवरच समाधान मानावं, आणि त्यात कमीपणा काही नाही. व्हॅलोरंट किंवा सीएस२सारखे नेमबाजीचे गेम प्रोसेसरवर जास्त भार टाकतात, मोठ्या नकाशांचे आणि गोष्टीचे गेम कार्डावर. तुम्ही मुख्यतः काय खेळणार ते पानाच्या माथ्यावर लिहा.

ग्राफिक्स कार्ड : चाळीस टक्के पैसे इथे

पैशांची वाटणी करताना मी एकूण रकमेतले पस्तीस ते चाळीस टक्के कार्डाला देतो. बाकी सगळं त्याच्या मागे मागे येतं.

इथला सापळा म्हणजे "चार जीबी ग्राफिक्स कार्ड". जीटी ७३० नावाचं २०१४ सालचं कार्ड अजून चार जीबीच्या मोठ्या अक्षरांसह विकलं जातं. त्यातली मेमरी बऱ्याचदा डीडीआर३ असते आणि चिप इतकी अशक्त, की ती मेमरी वापरायची वेळच येत नाही. बादली मोठी आणि नळ करंगळीएवढा, असा प्रकार. जीबी बघायचे तर कार्डाची चिप कोणती हे बघून झाल्यावर. चांगल्या चिपला मग आठ जीबी असावेत, आताचे गेम तेवढे मागतात.

भाच्यासाठी आम्ही आरएक्स ६६०० ठरवलं. आठ जीबी, १३२ वॅट, आठ पिनचा एक कनेक्टर. घरात आधीचं ऑफिसचं मशीन असेल आणि एसएमपीएसला जादा वायरच नसेल, तर आरटीएक्स ३०५०चं सहा जीबीवालं रूप बघा. ते ७० वॅटमध्ये भागवतं. बोर्डाचा स्लॉटच ७५ वॅट देऊ शकतो, त्यामुळे त्याला वेगळी वायर लागत नाही. पण ३०५० आठ जीबीचंही येतं, आणि त्याला वायर लागते. नाव एक, कार्डं दोन. पानावर नावापुढे जीबीसुद्धा लिहा.

आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं म्हणून मोह होतो. त्याला पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या रस्त्याच्या, चारच लेन आहेत. बोर्ड किंवा प्रोसेसर जुन्या ३.० पिढीचा असेल तर त्या चार लेन अपुऱ्या पडतात आणि गेम अडखळतो. सोबत व्हिडिओ रेकॉर्डिंगचं हार्डवेअरही त्यात नाही, म्हणजे यूट्यूबवर गेम दाखवायची स्वप्नं असतील तर हे कार्ड सोडा.

वापरलेलं कार्ड घेणार असाल तर दुकानातच अर्धा तास गेम चालवून बघा. आरएक्स ५८० मागितलं की "२०४८एसपी" असं शेपूट असलेलं कार्ड पुढे येतं. खऱ्या ५८०मध्ये २३०४ प्रोसेसिंग युनिट असतात; हे आतून ५७०च आहे.

प्रोसेसर आणि बोर्ड

इथे दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. पैकी सॉकेट सगळे तपासतात; बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, कोणीच तपासत नाही.

सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा. प्रोसेसर बनवणाऱ्या मुख्य कंपन्या दोन, एएमडी आणि इंटेल. एएमडीचा एएम४ हा जुना, डीडीआर४ रॅमचा. २०२२मध्ये आलेला एएम५ फक्त डीडीआर५ घेतो. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीला एलजीए१७०० लागतो. त्यात बोर्डानुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५ असते, एकाच बोर्डावर दोन्ही जवळपास नाहीच. म्हणून इंटेलचा बोर्ड घेताना खोक्यावर डीडीआर कितीची लिहिली आहे ते बोट ठेवून वाचा. एकाच मॉडेलचे दोन्ही अवतार दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेले असतात.

कमी पैशांत मला दोनच जोड्या पटतात. एक, रायझन ५ ५६०० आणि बी४५० किंवा बी५५० बोर्ड. दुसरी, आय५-१२४००एफ आणि एच६१० किंवा बी६६० बोर्ड. दोन्ही प्रोसेसर सहा कोअर, बारा थ्रेडचे आणि दोन्हींच्या सीलबंद खोक्यात कूलर येतो. 'ट्रे' म्हणून सुटा मिळणारा प्रोसेसर चारपाचशे रुपयांनी स्वस्त असतो, पण त्यात कूलर नसतो आणि वॉरंटी कोणाची ते दुकानदारावर. एएम५ घेतलात तर पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल हे खरं. पण पन्नास हजारांत ते पैसे कार्डातून काढावे लागतात, आणि मी ते काढणार नाही.

इंटेलच्या नावामागचा 'एफ' म्हणजे प्रोसेसरमध्ये चित्र काढायची सोय नाही. रायझन ५६००लाही ती नाही, मात्र तिथे कुठलं अक्षर तसं सांगत नाही. त्यामुळे "आत्ता मशीन घेऊ, कार्ड दिवाळीला" असा बेत असेल तर हे दोन्ही प्रोसेसर काळा पडदा दाखवत बसतील. तसा बेत असेल तर ५६००जी घ्या. त्यात चित्राची सोय आहे, पण तो पीसीआयई ३.० वर अडतो, म्हणजे वर सांगितलेल्या चार लेनच्या कार्डाशी त्याचं जमायचं नाही.

आता बायॉस. भाच्याचं पान नीट भरलेलं होतं. एएम४ प्रोसेसर, एएम४ बोर्ड, डीडीआर४ रॅम. घरी आणून जोडलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. दोन वेळा सगळं उकलून परत बसवलं. ताई दर वीस मिनिटांनी चहा विचारायला येऊन बघून जात होती. शेवटी खोक्यावरची तारीख बघितली आणि कपाळावर हात मारला. बी४५० हा २०१८चा चिपसेट, ५६०० त्याच्यानंतर बऱ्याच काळाने आलेला. दुकानात पडून राहिलेल्या त्या बोर्डाच्या बायॉसला हा प्रोसेसर ठाऊकच नव्हता. दुसऱ्या दिवशी बोर्ड परत नेला. दुकानदाराने जुना रायझन बसवून, पेन ड्राइव्हवरून बायॉस नवं केलं. दहा मिनिटांचं काम, आमचा रविवार मात्र गेला. चूक माझीच, मी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून पानावर आठवी ओळ आहे. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलखाली प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येकासमोर कुठल्या बायॉसपासून तो चालतो ते दिलेलं असतं. तो आकडा टिपून घ्या. दुकानात खोक्यावर स्टिकर बघा किंवा सरळ सांगा, "बायॉस अपडेट करके दो." एच६१० आणि बी६६०लाही हे लागू आहे. बाराव्या पिढीला ते जन्मतः ओळखतात, तेराव्या-चौदाव्याला नव्या बायॉसशिवाय नाही. काही बोर्डांना मागे बायॉस फ्लॅशबॅकचं बटण असतं. ते असेल तर प्रोसेसर न बसवताच हे काम घरी होतं. पाचशे रुपये जास्त देऊन तो बोर्ड घ्यायला माझी हरकत नाही.

रॅम

सोळा जीबी, आठ-आठच्या दोन पट्ट्या. एकच सोळाची घेतली तर मेमरीचा एकच रस्ता चालू राहतो आणि गेममध्ये ते जाणवतं. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरा. डीडीआर४ला ३२००चा वेग पुरे. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींना २८८ पिना असतात, फक्त मधली खाच वेगळ्या जागी आहे. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका, खाच बघा.

२०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले, कारण कारखान्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला. त्यामुळे जुन्या मशीनमधून डीडीआर४च्या दोन चांगल्या पट्ट्या मिळत असतील तर नाक मुरडू नका. लॅपटॉपच्या तेवढ्या आणू नका, त्या लांबीला निम्म्या असतात.

एसएमपीएस : माझा दुखरा भाग

माझ्या पहिल्या मशीनला कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस होता. वर ४५० वॅट लिहिलेलं, वजनाला मात्र रिकाम्या डब्याएवढा. एका उन्हाळ्यात तो "फट्" करून गेला आणि जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क बरोबर घेऊन गेला. त्या डिस्कवर ताईच्या लग्नाचे फोटो होते. हा किस्सा भाचा लहानपणापासून ऐकत आला आहे, त्यामुळे या एका खर्चावर त्याने माझ्याशी वाद घातला नाही.

खोक्यावरचे वॅट वाचू नका. बाजूच्या तक्त्यात +१२ व्होल्टखाली अँपिअर किती ते वाचा आणि बाराने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच रेषेवर जगतात. ३७ अँपिअर असतील तर ४४४ वॅट, म्हणजे ४५०चा दावा खरा. १८च असतील तर २१६ वॅट. बाकीचे वॅट कागदावर. हिशेब असा करा : कार्ड १३२, प्रोसेसर नव्वदच्या आसपास, बाकी सगळं मिळून पन्नास-साठ. तीनशेच्या आत झालं. त्यावर ५०० किंवा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ शिक्क्याचा आणि पाच वर्षांच्या वॉरंटीचा घ्या. ८० प्लस हा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते सांगत नाही. पण फुकटात येणाऱ्या डब्यांवर तो नसतो, एवढी तरी चाळणी लागते.

वायरींमध्ये एक फसवी जोडी आहे. प्रोसेसरची वायर चार अधिक चार पिनांची, कार्डाची सहा अधिक दोनची. दोन्ही आठच, दोन्ही काळ्या. प्लॅस्टिकवर बारीक अक्षरांत सीपीयू किंवा पीसीआयई कोरलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च लावून वाचा. वायरी सुट्या निघणारा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीची वायर त्यात कधीही खुपसू नका. त्या टोकाला पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते आणि चूक झाली तर धूर निघतो.

आणि घराचं अर्थिंग. इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. कॅबिनेटला उघडा हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर ते हेच. मशीन आणण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट झेपवतो. वीज गेल्यावर गेम बंद करून मशीन नीट बंद करायला तेवढी उसंत पुरते.

उरलेलं पटकन

एसएसडी, म्हणजे गेम आणि विंडोज साठवायची डिस्क, ५०० जीबीची, एम.२ आकाराची, एनव्हीएमई या वेगवान प्रकारची. त्याच आकारात साटावालीही मिळते आणि ती सावकाश असते, म्हणून 'एम.२ आहे' एवढ्यावर पैसे देऊ नका. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब; तेवढ्या अंतरावर बोर्डाला स्क्रूची जागा असते. तो इवलासा स्क्रू बोर्डाच्या खोक्यात पुडीत असतो, खोकं झटकताना हरवतो.

कॅबिनेट घेताना दिवे मोजू नका. समोर जाळी आहे का बघा. समोर काच असलेलं कॅबिनेट आमच्या माळव्याच्या उन्हाळ्यात भट्टी होतं. मायक्रो एटीएक्स बोर्ड जास्तीत जास्त २४४ मिलिमीटर चौरस, एटीएक्स ३०५ बाय २४४. कार्डाची लांबी कॅबिनेटच्या मापापेक्षा निदान दोन सेंटिमीटर कमी असू द्या, समोरच्या पंख्याची जाडी लोक विसरतात.

जुळवणी

जेवणाच्या टेबलावर, बोर्डाच्या रिकाम्या खोक्यावर बोर्ड ठेवा. सुरुवातीला कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते.

एएम४मध्ये पिना प्रोसेसरला असतात, तब्बल १३३१. इंटेलमध्ये त्या बोर्डावर असतात. सॉकेटची दांडी सरळ उभी करा. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण आहे, तसाच सॉकेटवर. दोन्ही एका बाजूला आणून प्रोसेसर वरून नुसता ठेवा. तो आपल्या वजनाने खाली जातो आणि टेकला की हलत नाही. बोटाने दाबावंसं वाटलं तर थांबा, काहीतरी वाकडं आहे. भाच्याने पहिल्यांदा ठेवताना एका कडेची पिन किंचित कलली होती. लीड काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलीच्या टोकात ती पिन अडकवून मी ती हळूहळू उभी केली. तेवढा वेळ दोघांनी श्वास रोखला होता.

कूलरला खाली पेस्ट आधीच लावलेली असते, तिला बोट लावू नका. एएमडीच्या चार स्क्रूंच्या कूलरसाठी बोर्डावरची प्लॅस्टिकची आकडी आधी काढावी लागते. ती काढताच मागची पट्टी खाली पडते, तेव्हा एक हात बोर्डाखाली ठेवा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. पुढे कधी कूलर काढायची वेळ आली तर सरळ ओढू नका. आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, मग बंद करून वायर काढा आणि कूलर हलक्या हाताने पिळत सोडवा, नाहीतर प्रोसेसर चिकटून सॉकेटमधून उपटून येतो.

रॅम बसली की टक् असा आवाज होतो, तो ऐकू आलाच पाहिजे. मग कार्ड लावून, एसएमपीएस जोडून, टेबलावरच एकदा मशीन चालू करून बघा. चित्र आलं तरच कॅबिनेटमध्ये हलवा. आम्ही हे आधी केलं असतं तर बायॉसची भानगड कॅबिनेट भरायच्या आधीच कळली असती. कॅबिनेटमध्ये बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्डाला पत्र्यापासून वर धरणारे छोटे खांब, बोर्डाच्या भोकांशी जुळताहेत ना ते मोजा. जादा राहिलेला एखादा बोर्डाला मागून टेकून शॉर्ट करतो.

मॉनिटरची वायर कार्डाला, बोर्डाला नाही. हसू नका, फोनवर मला याच कारणाने बोलावणाऱ्यांची संख्या बरीच आहे.

पहिल्या दिवशीच करायची कामं

बायॉसमध्ये शिरा आणि एक्सएमपी चालू करा, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. ते न केल्यास ३२००ची रॅम २१३३ किंवा २४००वर रांगत राहते आणि तुम्हाला वर्षभर पत्ता लागत नाही. तिथेच टीपीएम, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय, चालू करा. एएमडीवर एफटीपीएम, इंटेलवर पीटीटी. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, विंडोज ११ टीपीएम मागतं, आणि विंडोज ११वर व्हॅलोरंटला टीपीएमसोबत सिक्युअर बूटही (सुरू होताना सॉफ्टवेअर तपासणारी सोय) लागतं. तासभर गेम खेळून तापमान बघा. प्रोसेसर ८५ अंशांच्या पुढे जात असेल तर कूलरचा एखादा स्क्रू सैल असण्याची शक्यता मोठी.

प्रत्येक भागाच्या सीरियल नंबरचा फोटो बसवण्याआधीच काढा, नंतर तो कूलरखाली नाहीतर कार्डामागे जातो. बिल पक्कं घ्या, जीएसटीसकट. १८ टक्के वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला तर वॉरंटीच्या वेळी हात हलवत परतावं लागतं. आणि बिल हातात पडताच त्याचाही फोटो काढा. ते थर्मल कागदावर छापलेलं असतं, माळ्यावरच्या खोक्यात एक उन्हाळा काढला की पांढरं पडतं.